जर्दाळू एका रात्रीत फुलत नाही

१

डबी उघडली तेव्हा आत जांभळ्या मखमलीवर नुसता गोल खळगा होता. घड्याळ नव्हतं.

समोरचा घड्याळवाला ती रिकामी डबी हातात घेऊन तसाच रस्ता ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आला. त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणत असे, दुपारपासून आमच्याकडेच चहा पीत आणि खोकत बसली होती. ती उठून उभी राहिली. सासूबाईंनी तिला खुणेनंच खाली बसवलं.

"काय झालं रे?"

"बाबांचं घड्याळ गेलं. आज बाबांचा दिवस. चावी द्यायला डबी उघडली, तर हे!"

या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली, की त्या गल्लीतलं कुणी मला ओळखणारही नाही. पण त्याच्या हातातली ती डबी आणि तिच्याकडे न बघता आपल्या कपात बघणारी वहिनी मला अजून दिसते. माझं तेव्हा नवीनच लग्न झालं होतं. सासूबाई नुकत्याच वकिलीतून निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीला त्या अजून वकीलबाईच होत्या. नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या बायकाही त्यांच्यासमोर साक्षीदारासारख्या उभ्या राहत.

समोरचं कुटुंब ज्यू होतं. बाबा म्हणजे घड्याळवाल्याचे वडील. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेलं एक खिशातलं घड्याळ वरच्या मागच्या खोलीत कपाटात असे. वर्षातून एकदाच, बाबा गेले त्या तिथीला, दिवा लावून मुलगा त्याला चावी देई. ही तिथी त्यांच्या जुन्या हिब्रू पंचांगाची. महिन्याचं नाव अदार. एरवी ती खोली बंद.

"बाबांचं घड्याळ चालेल तोवर हे दुकान चालेल," असं तो नेहमी म्हणायचा. लोक हसायचे. तो हसायचा नाही.

"कुणावर संशय?" सासूबाईंनी विचारलं.

"कपाटाची किल्ली भिंगकाकांच्या टेबलाशेजारच्या खिळ्याला असते. वर जायचा जिना दुकानातून, तो त्यांच्या पाठीशी. मागचं अंगण त्यांच्या खिडकीसमोर. आणखी कुणावर घेऊ?"

"ते काय म्हणतात?"

"'मी नाही घेतलं' म्हणतात. म्हटलं, तुमची ट्रंक उघडून दाखवा. तर म्हणाले, 'तुझ्या बाबांनी कधी उघडायला लावली नाही.' मग मीही सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा."

वहिनीच्या हातातला कप बशीवर जोरात आपटला. "काकांना?" ती म्हणाली, आणि तिला एवढी मोठी ढास लागली, की पुढचं काही बोलता आलंच नाही.

२

भिंगकाका म्हणजे दुकानातले कारागीर. डोळ्याला कायम भिंग, म्हणून हे नाव. बाबांच्या तरुणपणापासून ते दुकानामागच्या छोट्या खोलीत राहत. त्यांना दुसरं घर नव्हतं आणि त्या वयात नवं काम कुणी दिलं नसतं. आम्ही गेलो तेव्हा ते ट्रंक भरत होते.

"काका, थांबा जरा," सासूबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी त्यानं घड्याळ ठेवलं, या वर्षी ते नाही. मध्ये अख्खं वर्ष गेलं. वर्षभरात कुणीही घेतलं असेल. तुमच्या एकट्याच्या गळ्यात कसं पडतं ते मी बघते."

"बघा," काका म्हणाले. "पण सदरे घडी करून झालेत, ते पुन्हा काढणार नाही."

"आज दुपारी कुणी वर गेलं होतं?"

"दुकान दिवसभर उघडं होतं. जिन्यानं कुणी गेलं नाही, अंगणातून कुणी आलं नाही. तो वर गेला, रिकामी डबी घेऊन खाली आला. बस."

मग सासूबाईंनी मला घेऊन वरची खोली पाहिली. घड्याळवाला दारातच उभा राहिला. खिडकी सताड उघडी. बाहेर जर्दाळूचं झाड नखशिखांत फुललेलं, काही पाकळ्या उडून टेबलावरच्या इस्त्रीच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडलेल्या. शेजारीच त्याचा दिवा जळत होता. कोपऱ्यातली शेगडी झाडून पुसून स्वच्छ. फांद्यांच्या मागे चंद्र होता, जवळजवळ पुरा, एका कडेला चेपलेल्या चेंडूसारखा.

"तू आलास तेव्हा असंच होतं?"

"असंच. मी फक्त खिडकी उघडली आणि दिवा लावला."

"खोली कोण झाडतं?"

"कुणी नाही. कुणी जायचं नाही असं मीच सांगून ठेवलंय."

"वर्षभर बंद खोली, आणि बोटाला धूळ नाही," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "तुझी बहीण?"

त्याचा चेहरा आंबट झाला. "तिचं नाव काढू नका. गेल्या वर्षी म्हणाली, घड्याळ सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे. मी म्हटलं, ते काय मांजराचं पिल्लू आहे? तेव्हापासून बोलणं बंद. आज बाबांच्या दिवशीसुद्धा फिरकली नाही."

३

त्याची ही धाकटी बहीण नदीपलीकडे राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. तिनं दार उघडलं, सासूबाईंना पाहिलं आणि पाणी द्यायच्या आधीच म्हणाली, "दादानं पाठवलं?"

"त्यानं नाही. बाबांच्या दिवशी घड्याळ नाहीसं झालं, ते सांगायला आले."

"शक्यच नाही," ती म्हणाली. "बाबांच्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या हातात होतं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"तू गेली होतीस?"

"म्हणजे काय! बाबांचा दिवस आणि मी जाणार नाही? दादाशी बोलत नाही म्हणून बाबांशीही बोलायचं नाही का? अंगणाच्या दाराची आणि कपाटाची, अशा बाबांनी दिलेल्या दोन किल्ल्या आहेत माझ्याकडे. दुकान बंद होतं, घरात चिटपाखरू नाही. मनात म्हटलं, वा, शाबास, मुलगा बाबांच्या दिवशी घराला कुलूप लावून गेला."

"मग?"

"खोलीत हाडं गोठत होती. शेगडी पेटवली. दिवा लावला, तेवढ्यात गारठलेल्या बोटांतून तो कलला आणि निळ्या टेबलक्लॉथवर तेल सांडलं. पुसायला काही नव्हतं, तसंच ठेवलं. घड्याळाला चावी दिली, थोडा वेळ कानाशी धरलं आणि परत डबीत ठेवलं."

"खिडकीतून काय दिसत होतं?"

"काय दिसणार? जर्दाळूच्या वाळक्या काटक्या. आणि चंद्र, कडेनं चेपलेला."

 परतताना पुलाच्या कठड्याला टेकून सासूबाई म्हणाल्या, "काकांना वाचवायला गेलो आणि बुडवून आलो."

त्यांचं खरंच होतं. वर्षभराची मुदत एका संध्याकाळवर आली. धाकटी खरं बोलत असेल तर घड्याळ त्याच संध्याकाळी डबीत होतं आणि त्याच संध्याकाळी गेलं. त्या वेळी वहिनी आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या डोळ्यांसमोर. घरात फक्त काका, आणि ते म्हणतात कुणी आलंच नाही.

"आई, पण तिचं दुकान बंद, आणि त्यांचं उघडं," मी म्हटलं. "तिची शेगडी पेटलेली, आपण पाहिली ती स्वच्छ. निळं कापड, पांढरं कापड. तिचं झाड वाळकं, आणि आपण तर फुलं पाहिली."

"ही बाई कुणा भलत्याच्या घरात दिवा लावून आली की काय!" सासूबाई वैतागल्या. "खोटं बोलणारा माणूस सोपं खोटं बोलतो गं. फुललेल्या झाडाला वाळकं म्हणून हिला काय मिळणार?"

४

दुपारी जेवताना त्यांनी एकदम चमचा खाली ठेवला.

"त्यांचा दिवस सूर्य मावळताना सुरू होतो! बरोबर? आपण सकाळी उठून नवा दिवस म्हणतो, त्यांचा आदल्या संध्याकाळीच लागतो. म्हणजे हिनं तिथी लागली त्या संध्याकाळी दिवा लावला, आणि यानं ती संपताना, दुसऱ्या संध्याकाळी. एका रात्रीचा फरक!"

मला इतका आनंद झाला की मी त्यांना जास्तीचं वाढलं. त्या खाऊ लागल्या आणि मी खिडकीतून समोरच्या छपरामागून डोकावणाऱ्या झाडाकडे पाहिलं. ते पांढरंशुभ्र होतं, परवाही होतं, त्याआधीही होतं.

"आई," मी चाचरत म्हटलं, "जर्दाळू एका रात्रीत फुलत नाही."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. माझ्यावर रागावल्या असाव्यात.  समोर काकांनी ट्रंक दुकानाच्या पायरीवर आणून ठेवली होती आणि तिच्यावर बसून ते कुणाच्या तरी मनगटी घड्याळाचा पट्टा लावत होते. शेवटच्या दिवशीसुद्धा गिऱ्हाईकाला परत पाठवलं नव्हतं.

 वाळकं झाड आणि फुललेलं झाड, कडाक्याची थंडी आणि सताड खिडकी, यांतली एकही गोष्ट दुसरीशी जुळत नव्हती. जुळत होतं ते एकच.

"चंद्र तेवढा दोघांचा सारखा," मी म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"चंद्र. दोघांचाही कडेनं चेपलेला."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "चंद्र तोच, झाड वेगळं," त्या हळूहळू म्हणाल्या. "चंद्र खोटं सांगत नाही, आणि झाडही नाही. तसाच चंद्र पुन्हा कधी येतो गं?"

"महिन्यानं."

"आणि वाळकं झाड फुलायला?"

"महिनाभर तरी."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आयुष्य कोर्टात गेलं. साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो तारखेचा. दोघं म्हणाली 'बाबांच्या दिवशी', आणि मी मान डोलावली! चल, चप्पल घाल."

५

धाकटीच्या दारात सासूबाईंनी श्वाससुद्धा घेतला नाही.

"तुमच्या पंचांगात यंदा महिने किती?"

"तेरा," धाकटी म्हणाली. "का?"

"आणि अदार?"

"दोन. पहिला अदार, दुसरा अदा..." ती थांबली. "दादानं दुसऱ्यात केलं?"

मग तिनं आम्हाला बसवून सांगितलं. मला ते पहिल्यांदा मुळीच कळलं नाही, दुसऱ्यांदा थोडं कळलं. त्यांचे महिने चंद्राचे, नव्या चंद्राला सुरू होणारे. असे बारा महिने मिळून सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवस कमी पडतात. तसंच चालू दिलं तर प्रत्येक महिना दर वर्षी थोडा मागे सरकेल, आणि अदारनंतरचा वसंतातला महिना काही वर्षांत ऐन हिवाळ्यात जाऊन बसेल. पण त्यांच्या धर्मग्रंथात सांगितलंय, की तो महिना वसंतातच यायला हवा. म्हणून तो लागायच्या आधी, जुनं वर्ष फार पुढे धावतंय असं झालं, की एक अधिक महिना घालून ऋतूला गाठू द्यायचं.

"पूर्वी म्हणे जाणती माणसं शेतात जाऊन बघायची," धाकटी म्हणाली, "सातूची कणसं भरलीत की अजून कोवळी आहेत. कोवळी असली की म्हणायची, थांबा, अजून एक महिना. आता ते हिशेबानं ठरलेलं असतं, एकोणीस वर्षांत सात वेळा. आणि दुसरा कुठलाही महिना जोडीचा होत नाही, अदारच होतो. वसंताच्या उंबऱ्यावरचा महिना ना तो."

"म्हणजे चंद्र महिना सांभाळतो आणि झाड वर्ष सांभाळतं," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आणि दोघांचं पटवायला तेरावा महिना."

"मग बाबांचा दिवस कुठल्या अदारात?"

"तोच तर घोळ! बाबा गेले त्या वर्षी अदार एकच होता. माझ्या सासरी असा दिवस पहिल्या अदारात करतात. माझ्या सासूबाईंनी सांगितलं, मी केला. काही घराण्यांत दुसऱ्यात करतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण आमचं घर त्यांतलं हे कुठे माहीत! बाबा गेल्यानंतर दोन अदारांचं वर्ष आत्ताच पहिल्यांदा आलं. आणि दादाशी बोलणं असतं तर..." 

"त्या पहिल्या अदारात दुकान बंद का होतं?" मी विचारलं.

उत्तर सासूबाईंनीच दिलं. "आठवतं? थंडीनं स्टेशनच्या घड्याळाचे काटे गोठले होते. हा आणि काका दिवसभर शिडीवर होते, आणि वहिनी त्यांना डबा द्यायला गेली होती."

म्हणजे काका खोटं बोलत नव्हते, धाकटी खोटं बोलत नव्हती, घड्याळवालाही नाही. आणि घड्याळ एका संध्याकाळी नाही, त्या मधल्या महिन्यात कधीतरी गेलं होतं. त्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात कोण बसलं होतं याला काडीचाही अर्थ उरला नव्हता.

"चोर राख झाडत नाही," परतताना सासूबाई म्हणाल्या. "डागाळलेलं कापड काढून इस्त्रीचं घालत नाही. निळं कापड कुठे गेलं?"

मी पुलावरच थांबले. मला आठवलं. कडाक्याच्या थंडीत एका सकाळी वहिनी अंगणात वाळत घातलेला निळा टेबलक्लॉथ दोरीवरून काढत होती. तो गोठून फळीसारखा झाला होता. मधोमध तेलाचा पिवळट डाग. तो भिंतीला उभा टेकवून ती म्हणाली होती, "बघ गं, माझ्या नवऱ्यापेक्षा ताठ!" आणि आम्ही दोघी हसून हसून वाकलो होतो.

"आई," मी म्हटलं, "मला हे आठवलं नसतं तर बरं झालं असतं."

६

सूर्य मावळायला आला होता. काका ट्रंकेची कडी लावत होते. सासूबाईंनी धाकटीलाही बरोबर आणलं होतं; भाऊ-बहीण दुकानाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. वहिनी जिन्याच्या पायथ्याशी.

सासूबाईंनी दोन अदार सांगितले, चंद्र सांगितला, झाड सांगितलं. घड्याळवाला मध्येच बहिणीकडे वळला. "तू आली होतीस?"

"आले होते," ती म्हणाली. "शेगडीला लाकडंही मीच आणली, तुझ्याकडे वीतभर लाकूड नव्हतं."

"मग घेतलं कुणी?"

 वहिनीकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघितलंच.

"निळं कापड मी धुतलं," वहिनी म्हणाली. "जिन्यावर तेलाच्या धुराचा वास आला म्हणून वर गेले. घड्याळ चालू होतं."

ती वर गेली. शिलाई मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला. घड्याळ घेऊन ती खाली आली आणि नवऱ्याच्या नाही, काकांच्या हातात दिलं.

"डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, ही नदीकाठची ओल सोडा, डोंगरातल्या कोरड्या हवेत जा. तिथं माझ्या बहिणीचं घर आहे. हे म्हणतात, बाबांचं घड्याळ चालेल तोवर दुकान चालेल. मला वाटलं, घड्याळच नसलं तर हे म्हणतील, संपलं, चल. माझी अक्कल एवढीच चालली. काका, तुमच्यावर येईल असं स्वप्नातही नव्हतं. काल तोंड उघडणार होते, तर खोकलाच आला. रात्री उघडणार होते, तर भीती आली."

घड्याळवाला बायकोकडे बघत होता, जणू तिचा खोकला त्याला पहिल्यांदाच ऐकू आला होता. मग तो काकांसमोर गेला.  खाली वाकून त्यानं त्यांची ट्रंक उचलली, धडपडत मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि परत येऊन तसाच उभा राहिला.

"तुझ्या बाबांनी मला कधी जा म्हटलं नाही," काका म्हणाले.

"माहीत आहे."

"पुन्हा म्हटलंस तर मी थांबणार नाही."

"नाही म्हणणार, काका."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं, घड्याळ उघडून पाहिलं, बंद केलं आणि चावी दिली. ते चालू लागलं. वहिनीनं डोळे मिटून घेतले.

"चालतंय," काका म्हणाले. "दुकानही चालेल. मी आहे ना? तू हिला घेऊन डोंगरात जा. बाबा असते तर गेल्या हिवाळ्यातच तुला हाकलून दिलं असतं."

"आणि बाबांचा दिवस?" घड्याळवाल्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"पहिल्या अदारात मी येईन," धाकटी म्हणाली.

"मग दुसऱ्यात मी."

"आणि ज्या वर्षी अदार एकच असेल त्या वर्षी?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कुठलाही मुद्दा अर्धवट सोडवत नसे.

 दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं.

"त्या वर्षी दोघांनाही यावं लागेल," काका म्हणाले. "मी काही दोनदा शेगडी पेटवणार नाही."

"पुढच्या वर्षी एकच आहे," धाकटी म्हणाली.

"एकच," दादा म्हणाला. "अधिक महिन्याच्या पाठोपाठ कधी अधिक येत नाही."

"ते मलाही माहीत आहे."

"मग सांगत होतीस कशाला?"

"तुझ्याशी बोलायला," ती म्हणाली.